पाणी तळ्यात असते

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि एक शाळा होती. तळं फार जुनं होतं. शाळा नवी होती, म्हणून तिला तळ्यापेक्षा जास्त मान होता.

ही शाळा निघाली का, ते आधी सांगतो. नीट बसा. चुळबुळ नको.

एका उन्हाळ्यात त्या जंगलातलं तळं आटलं. पार आटलं. तळाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या. मोठ्या जनावरांनी इकडेतिकडे हिंडून कसेबसे दिवस काढले. पिल्लांना मात्र पाणी शोधता येईना, कारण ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बरीच पिल्लं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या जंगलात सकाळच्या वेळी पिल्लांचा आवाज यायचा नाही.

मग पाऊस झाला, तळं भरलं, आणि सगळ्या जनावरांनी मिळून ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. पिल्लांना पाणी शोधायला शिकवायचं. त्यासाठी शाळा काढायची. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे वागले. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे तसं सांगायची वेळ माझ्यावर येणार नाही.

वाघमहाराजांनी एक अभ्यासक्रम मंडळ नेमलं. अध्यक्ष झाले मोरपंत. मोरपंतांना पाणी कसं शोधतात ते ठाऊक होतं का? नव्हतं. पण त्यांना पिसारा होता, आणि मंडळावर घेताना तेवढंच पाहायची त्या जंगलात पद्धत होती.

मंडळ बसलं. बरेच दिवस बसूनच राहिलं. मग एकदाचा पळसाच्या पानांवर लिहिलेला जाडजूड अभ्यासक्रम बाहेर पडला. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘प्रत्येक पिल्लाला कोरड्या दिवसांत आपलं पाणी आपण शोधता यावं.’ वाक्य चांगलं होतं. मंडळात चुकून शिरलेल्या एखाद्या साध्या जनावराचं असावं. पुढच्या सगळ्या पानांवर मोरपंतांचा पिसारा होता. तिथे ‘सर्वांगीण’ होतं, ‘आनंददायी’ होतं, ‘कृतियुक्त’ होतं. आणि ‘जलभान’ नावाचं काहीतरी होतं. ते काय असतं हे मंडळातही कुणाला कळलं नव्हतं, पण विचारायची प्रत्येकाला लाज वाटली.

शिकवायला ठिपकेबाईंना नेमलं.

ठिपकेबाई म्हणजे एक चितळीण. ती या कामाला आपणहून पुढे आली होती. त्या वाईट उन्हाळ्यात कळपाची पांगापांग झाली तेव्हा तिचं थोरलं पाडस तिच्यापासून हुकलं. पाडसाला पाण्याची एकच जागा माहीत होती. ते तिथे जाऊन उभं राहिलं. तिला ते सापडलं तेव्हा ते आटलेल्या तळ्याच्या काठावर आडवं पडलेलं होतं. आता तिच्या पोटी पुन्हा एक पाडस झालं होतं. तिचं नाव सोनकी. या पोरीच्या बाबतीत तसं काही होऊ द्यायचं नाही, एवढंच ठिपकेबाईंच्या मनात होतं. त्यासाठी त्या शाळेत आल्या होत्या. हे लक्षात ठेवा, बाळांनो, कारण पुढे त्या स्वतःच ते विसरणार आहेत.

ठिपकेबाईंना पाणी शोधता येत होतं. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. ओढा कोरडा पडला तरी घाबरायचं नाही. त्याच्या वळणावर जायचं. जिथे उंबर भर उन्हात हिरवा दिसतो आणि वाळूवर फुलपाखरं बसतात, तिथे खुरानं उकरायचं. आधी गरम वाळू निघते, मग गार निघते, मग ओली. ओली लागली की थांबायचं आणि दम धरायचा. घाई केली तर नुसता गाळ तोंडात येतो. दम धरला की खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपतं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात.

पहिल्या वर्षी बाईंनी अभ्यासक्रमाचं पहिलं पान वाचलं आणि सगळ्या पिल्लांना घेऊन त्या सरळ ओढ्यावर गेल्या. पिल्लांनी वाळू उकरली. एकमेकांच्या डोळ्यांत उडवली. रानडुकराच्या पोरानं ओल लागल्याबरोबर तोंड घातलं आणि त्याच्या नाकात गाळ गेला. सगळी हसली. मग बाई म्हणाल्या, “आता थांबा.” सगळी थांबली. खड्ड्यात पाणी यायला लागलं तेव्हा पिल्लं इतकी गप्प झाली की बाईंना वाटलं, हेच ते जलभान असावं.

दुसऱ्या दिवशी अस्वलीण शाळेत आली.

“पोरगं चिखलात लडबडून घरी आलं!” ती म्हणाली. “उकरायला पाठवतो का आम्ही शाळेत? उकरायचंच होतं तर घरी काय कमी उकरतो?”

शाळेचे हेडमास्तर होते गवेसर. जातीनं गवा. त्यांना रागही सावकाश येई आणि विचारही सावकाश येई. त्यांनी ठिपकेबाईंना बोलावून घेतलं.

“बाई, पोर्शन कुठवर आलाय?”

“सर, पिल्लांना झिरा काढता यायला लागलाय.”

“ते ठीक. पण पोर्शन?”

पोर्शन पहिल्या पानावरच होता.

मग परीक्षा आली. आता इथे एक गंमत आहे, कान देऊन ऐका. अभ्यासक्रम करणारं मंडळ वेगळं होतं आणि परीक्षा घेणारं मंडळ वेगळं होतं. दोघांची कचेरी एकाच वडाखाली होती. पण एक मंडळ पूर्वेकडे तोंड करून बसे आणि दुसरं पश्चिमेकडे. एकानं दुसऱ्याचं काही वाचायचं नाही, असा शिरस्ताच होता. त्याला ते स्वायत्तता म्हणत.

परीक्षा मंडळाचे प्रमुख होते घोरपडे साहेब. घोरपड कशी असते माहीत आहे ना? एकदा पकडलं की सोडत नाही. साहेबांनी अख्ख्या विषयासाठी एकच प्रश्न काढला होता. ‘पाणी कोठे असते?’ त्याचं आदर्श उत्तर होतं, ‘पाणी तळ्यात असते.’ हे उत्तर त्यांनी तळ्याकाठच्या सागावर सुतारपक्ष्याकडून खोल कोरून घेतलं होतं. हेतू हा, की पुढे कुणाला त्यात फेरफार करायची बुद्धी होऊ नये.

परीक्षा तोंडी असे. पिल्लानं तळ्याकाठी यायचं, साहेबांनी प्रश्न विचारायचा, पिल्लानं तळ्याकडे नाक करून उत्तर द्यायचं. पूर्ण उत्तराला दहा गुण.

पहिलं आलं रानडुकराचं पोर. ते म्हणालं, “उंबर हिरवा असेल त्या वळणावर वाळूखाली असतं, साहेब. गार लागलं की दम धरायचा.”

“शून्य,” घोरपडे साहेब म्हणाले. “विषयांतर.”

एकामागून एक सगळी आली आणि एकामागून एक सगळ्यांनी विषयांतर केलं. त्या वर्षी शाळेत कुणीच पास झालं नाही. रानडुकरानं पोराचा कान धरला आणि बिऱ्हाड उचलून तो डोंगरापलीकडे निघून गेला. जाताना म्हणाला, पोरगं वाया घालवलं या बाईनं.

ठिपकेबाई रडत रडत घोरपडे साहेबांकडे गेल्या.

“साहेब, अभ्यासक्रमात तर लिहिलंय की पिल्लाला पाणी शोधता यावं.”

“असेल. अभ्यासक्रम मोरपंतांचा. परीक्षा माझी.”

“पण पोरांचं उत्तर खरं होतं हो!”

“बाई,” साहेब शांतपणे म्हणाले, “वाळूखालचं पाणी दिसतं का? नाही दिसत. आज इथे असतं, उद्या तिथे असतं. त्याला मी गुण कसे देऊ? तळं कसं, सगळ्यांना दिसतं, आणि सारखं दिसतं. उद्या कुणी म्हणायला नको की घोरपडे पक्षपात करतो.”

बाई वडाला वळसा घालून मोरपंतांकडे गेल्या.

“आमच्या अभ्यासक्रमात काही उणं आहे का?” मोरपंतांनी विचारलं.

“नाही, पण परीक्षेत...”

“उणं नाही ना? मग झालं तर.” आणि त्यांनी पिसारा फुलवला. तो फुलला की पुढचं बोलणं संपलं, असं समजायचं असे.

शेवटी गवेसरांनी बाईंना समजावलं. “असं बघा बाई. निकाल लागला नाही तर महाराज शाळा बंद करतील. शाळा बंद झाली तर पोरांना पाणी शोधायला शिकवणार कोण? म्हणून शाळा टिकली पाहिजे. ती टिकायची तर निकाल लागला पाहिजे. आणि निकाल लागायचा तर ते पाणी शोधायचं तेवढं जरा बाजूला ठेवा.”

ठिपकेबाईंनी रात्रंदिवस विचार केला. सर म्हणतात त्यात तथ्य आहे असं त्यांना वाटलं. तथ्य आहे असं वाटायला लागलं की माणूस संपला, असं माझं मत आहे, आणि जनावरांचंही त्याहून काही वेगळं नसतं. तात्पुरतं करू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या वर्षापासून ओढ्यावर जाणं बंद झालं. पिल्लं आंब्याखाली रांगेत बसत आणि एका सुरात म्हणत, “पाणी तळ्यात असते.” आधी हळू म्हणायचं. मग मोठ्यानं. मग डोळे मिटून. मग बाई मध्येच एखाद्याला उठवत आणि दरडावून विचारत, “कुठे असते?” पिल्लू दचके आणि दचकूनही बरोबर सांगे. अस्वलीण रोज दुरून ऐके आणि समाधानानं मान हलवी. एका माकडानं तर शाळेच्या मागेच क्लास काढला. तिथे तेच वाक्य झाडाला उलटं लटकून म्हणवून घेत. त्यानं पक्कं बसतं म्हणे.

त्या वर्षी सगळी पिल्लं पास झाली. पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाली. वाघमहाराज स्वतः आले आणि ठिपकेबाईंच्या गळ्यात कोवळ्या पानांचा हार घातला गेला. मोरपंतांनी भाषण केलं की हे अभ्यासक्रमाचं यश आहे. घोरपडे साहेबांनी भाषण केलं की हे परीक्षापद्धतीचं यश आहे. भाषणं इतकी लांबली की ठिपकेबाईंनी नकळत अर्धा हार खाऊन टाकला. त्या दिवशी त्या खरंच खुशीत होत्या. त्यांना आपल्या थोरल्या पाडसाची आठवणसुद्धा झाली नाही.

मग सोनकी शाळेत आली.

शाळेत आई नसते, बाई असते, हे ठिपकेबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. पोर हुशार. तीन-चार दिवसांत तिचं वाक्य घोटून पक्कं झालं. पण तिला एक खोड होती. ती विचारायची.

“आई,” एकदा घरी येताना तिनं विचारलं, “ती फुलपाखरं वाळूवर का बसतात गं? वाळूत मध असतो का?”

ठिपकेबाई थांबल्या. ओढ्याचं वळण समोर होतं. उंबर हिरवागार होता. सांगायला कितीसा वेळ लागला असता? त्यांनी तोंड उघडलंही. पण परीक्षा तोंडावर आलेली. वाळूचं ऐकून पोरगी तिथे काही भलतंच बोलून बसली तर? बाईंच्याच पोरीला शून्य मिळालं तर जंगल काय म्हणेल?

“ते परीक्षेला नाही,” त्या म्हणाल्या. “सुट्टीत सांगेन. आधी वाक्य म्हण पाहू.”

सोनकीनं वाक्य म्हटलं. फुलपाखरं तिथेच बसून राहिली.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. तळं काठ सोडून आत आत सरकायला लागलं. आंब्याखाली रोज “पाणी तळ्यात असते” चालूच होतं, आणि तळ्यात रोज थोडं कमी असायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी गवेसर तळ्यावर गेले आणि त्यांच्या पायाखाली खपली मोडली. तळ्यात पाणी नव्हतं.

लगेच बैठक बसली. मोरपंत आले, घोरपडे साहेब आले, गवेसर होतेच. ठिपकेबाई एका बाजूला उभ्या राहिल्या.

“प्रश्न बदला, साहेब,” त्या म्हणाल्या.

“प्रश्न बदलला तर गेल्या वर्षीच्या गुणांचं काय? ते खोटे ठरतील.”

“मग उत्तर बदला.”

घोरपडे साहेबांनी नुसतं सागाकडे पाहिलं. उत्तर कोरलेलं होतं.

“मग परीक्षा तरी पुढे ढकला! पोरं तहानेनं कासावीस झालीत.”

“महाराजांना तारीख कळवलेली आहे,” मोरपंत म्हणाले. “आणि अभ्यासक्रमात दोष नाही, हे मी इथे स्पष्ट करू इच्छितो.”

“परीक्षेतही नाही,” साहेब म्हणाले.

गवेसरांनी बराच वेळ विचार केला. “म्हणजे दोष तळ्याचा,” ते म्हणाले.

हे सगळ्यांना पटलं. तळ्यानं बेजबाबदारपणा केला होता. तेव्हा सुधारायचं ते तळंच, असं ठरलं. तळं भरायचं. पण भरायला पाणी आणायचं कुठून? मोरपंत आभाळाकडे बघायला लागले आणि घोरपडे साहेब जमिनीकडे. पिल्लांना पाणी शोधायला शिकवणारी ही सगळी मंडळी, बाळांनो, आणि त्यांच्यातल्या एकालाही पाणी कुठे असतं ते सांगता येईना.

“ओढ्याच्या वळणावर आहे,” ठिपकेबाई म्हणाल्या. “वाळूखाली.”

“वा!” मोरपंतांची मान ताठ झाली. “म्हणजे उद्दिष्ट साध्य झालं म्हणायचं. लिहून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम सुरू झालं. ठिपकेबाईंनी जागा दाखवली. गव्यांनी, अस्वलांनी झिरे काढले. माकडांनी पळसाच्या पानांचे द्रोण लावले आणि भरून भरून तळ्यात नेऊन ओतले. ठिपकेबाईंनीही पाय सोलेपर्यंत उकरलं. त्यांच्या गुडघ्यांपर्यंत ओली वाळू चिकटली. मोरपंत सावलीत उभे राहून सगळं कृतियुक्त होतंय ना ते पाहत होते. दिवस वर येईपर्यंत तळ्याच्या मध्यभागी एक डबकं साचलं. घोरपडे साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “चालेल. तळं म्हणता येईल.”

पिल्लं काठावर रांगेत उभी होती. कालपासून त्यांनी पाणी पाहिलं नव्हतं. डबकं दिसल्याबरोबर रांग मोडली.

“खबरदार!” साहेब ओरडले. “परीक्षा संपेपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. पुढच्यांनी पिऊन टाकलं तर मागच्यांनी नाक कशाकडे करायचं? समान संधी नको का?”

रांग पुन्हा लागली. द्रोण घेऊन ठिपकेबाई रांगेजवळून गेल्या तेव्हा सोनकीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. तिची जीभ कोरडी पडली होती. तिचं बोलणं नीट ऐकूही येत नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली, “हे पाणी तुम्ही कुठून आणता?”

द्रोण तोंडाशी होता. एक घोट दिला असता तर कुणाला दिसलं असतं? पण साहेब इकडेच पाहत होते.

“ते अभ्यासक्रमात आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “परीक्षेत नाही. उभी राहा नीट.”

परीक्षा सुरू झाली. पहिल्या काही पिल्लांनी डबक्याकडे नाक करून उत्तर दिलं. पण तळ्याचा तळ त्या पिल्लांपेक्षा जास्त तहानलेला होता. ओतलेलं पाणी तो भराभर पीत होता, आणि त्याला रांगेचा नियम कुणी सांगितला नव्हता. निम्मी रांग सरकेपर्यंत डबक्याचा नुसता ओला डाग राहिला. साहेब म्हणाले, ओलसर आहे, चालेल. मग तो डागही गेला. तिकडे ओढ्यावर उकरून उकरून झिऱ्यांच्या कडा ढासळल्या होत्या, आणि उन्हानं गवे मटकन खाली बसले होते.

सगळ्यांत शेवटी सोनकीचा नंबर आला.

“पाणी कोठे असते?” साहेबांनी विचारलं.

सोनकीनं तळ्याकडे पाहिलं. तिथे भेगा होत्या. तिनं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक प्रश्न होता. तो ठिपकेबाईंना कळलाही. एक मान हलवून त्या नाही म्हणू शकत होत्या. पण इतके दिवस वर्गात पिल्लू अडखळलं की त्या तळ्याकडे मान हलवत आल्या होत्या. मान आपोआप तिकडेच हलली.

“पाणी तळ्यात असते,” सोनकी म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होता.

“दहापैकी दहा!” साहेब म्हणाले. “बाई, पोरगी नाव काढणार तुमचं.”

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी ठिपकेबाईंचा ऊर भरून आला.

मग सोनकी तळ्यात उतरली. उत्तर बरोबर आलं होतं, म्हणजे आता प्यायला हरकत नव्हती. तिनं मधोमध जाऊन मान खाली घातली आणि वाळलेल्या चिखलावर जीभ फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. मग तिच्या पायांनी दगा दिला आणि ती तिथेच आडवी पडली.

असं पडलेलं पाडस ठिपकेबाईंनी आधी पाहिलेलं होतं. याच तळ्यात, थोड्या अलीकडे, काठावर. तेव्हा मात्र त्यांना सगळं आठवलं.

“ओढ्यावर चला!” त्या किंचाळल्या. “उठा सगळी! पाणी ओढ्यावर आहे, वाळूखाली!”

एकही पिल्लू उठलं नाही. सगळी पास झालेली पिल्लं कोरड्या तळ्याभोवती गोल करून बसली होती. त्यांनी बाईंकडे जरा काळजीनं पाहिलं. बाई विषयांतर करत होत्या.

ठिपकेबाईंनी डोक्यानं ढोसून ढोसून सोनकीला उठवलं. ढकलत, चाटत, पुन्हा ढकलत त्यांनी तिला वळणापर्यंत नेलं. उंबर हिरवा होता. वाळूवर फुलपाखरं बसली होती. बाईंनी सोललेल्या पायांनी उकरायला सुरुवात केली. गरम वाळू निघाली. गार निघाली. ओली निघाली. मग त्या थांबल्या. पोर शेजारी मिटत चाललेली आणि आपण काही न करता दम धरायचा, याच्याइतकं अवघड त्यांनी जन्मात काही केलं नव्हतं. हळूहळू तळाशी पाणी चमकलं.

“पी, सोनके.”

सोनकीनं पाण्याकडे पाहिलं आणि मान मागे घेतली.

“बाई, हे चूक आहे ना?”

“अगं, पाणी आहे ते! पी!”

“पण पाणी तळ्यात असतं,” सोनकी म्हणाली. तिचे डोळे मिटत होते. “वाळूतलं म्हटलं तर शून्य मिळतं. तुम्हीच सांगितलंत.”

“मी बाई नाही गं आता! आई आहे मी तुझी, आई! आईचं ऐक आणि पी!”

सोनकीनं ऐकलं नाही. तिच्यावर संस्कारच तसे उत्तम झाले होते. शेवटी तिनं कसाबसा एक डोळा उघडला.

“हे किती गुणांना आहे?”

ठिपकेबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेवढं एक पाणी त्या दिवशी कुणाला शोधावं लागलं नाही.

“दहा,” त्या म्हणाल्या. “पूर्ण दहा गुणांना आहे, बाळा.”

सोनकी प्यायली.

ठिपकेबाई तिला तिथेच ठेवून तळ्यावर धावत आल्या. आता पिल्लांशी कसं बोलायचं ते त्यांना कळलं होतं. “वाळूखालचं पाणी दहा गुणांना आहे!” त्या ओरडल्या. “जादा दहा!” आणि मघाशी तहानेनंसुद्धा न उठलेली पिल्लं धडपडत उठली. जी चालू शकत नव्हती ती सरपटत निघाली. सगळी वाचली. फक्त एक भेकराचं पोर उठलं नाही. ते सगळ्यांत आधी उत्तर देऊन केव्हाचं बसलं होतं. त्याला दहापैकी दहा होते. निकाल लागला तेव्हा त्याचं नाव गुणवत्ता यादीत वरच्या अंगाला होतं, आणि मोरपंतांनी भाषणात त्याचा गौरवानं उल्लेख केला. त्याची आई समारंभाला आली नाही. कार्यक्रमाला पालकांची उपस्थिती कमी असते, अशी तक्रार गवेसरांनी केली.

पुढे पाऊस झाला. तळं काठोकाठ भरलं.

घोरपडे साहेबांनी ठिपकेबाईंना बोलावलं. बाईंना वाटलं, आता नोकरी गेली. पण साहेब तसे न्यायी. “तुम्ही परस्पर दहा गुण जाहीर केलेत,” ते म्हणाले. “ते चूक. पण जाहीर झालेले गुण मागे घेणं परीक्षा मंडळाला शोभत नाही. तेव्हा सुधारणा करावी लागेल.”

सुधारणा झाली. सुतारपक्ष्याला बोलावून सागावरचं जुनं उत्तर खरवडून काढलं आणि नवं कोरलं. ‘पाणी वाळूखाली असते.’ घोरपडे साहेबांनी पकड बदलली होती. सोडलं नव्हतं.

आज तुम्ही त्या जंगलात गेलात तर तुम्हाला ती शाळा दिसेल. तळं तुडुंब आहे. पिल्लं त्याच्याकडे पाठ करून बसतात आणि घसा कोरडा पडेपर्यंत म्हणतात, “पाणी वाळूखाली असते.” मधल्या सुट्टीत एखाद्याला फारच तहान लागली तर ते शाळेच्या अंगणातली माती उकरतं आणि दम धरतं. शिकवायला ठिपकेबाईच आहेत. निकाल उत्तम लागतो. यंदा त्यांना दुसरा हार मिळाला.

आणि सोनकी? ती आता शाळेत नाही. तिला तळंही ठाऊक आहे आणि वळणही ठाऊक आहे, आणि फुलपाखरं वाळूवर का बसतात तेही तिला तिच्या आईनं नीट सांगितलं आहे. स्वतःच्या पोरीला ठिपकेबाई रोज संध्याकाळी ओढ्यावर नेतात. जाताना शाळेतली बाकीची पोरं वाटेत भेटतात आणि नमस्कार करून विचारतात, “बाई, आम्ही येऊ?” बाई त्यांना म्हणतात, “तुमचं वाक्य पाठ झालं का?”

तात्पर्य: तळं आटलं तरी चालेल, आदर्श उत्तर आटता कामा नये. बाळांनो, हे तात्पर्य तेवढं पाठ करा. गोष्ट विसरलात तरी हरकत नाही, ती परीक्षेला नाही.